बांधलेल्याचं इमान

कुत्र्यासारखं इमानी जनावर नाही, असं आपण सगळेच म्हणतो. शाळेतल्या निबंधातही पोरं तेच लिहितात. पण इमान दाखवणाऱ्याचं आपण काय देणं लागतो, हा हिशोब कुणी मांडत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी माणूस. मोठं तत्त्वज्ञान मला सांगता यायचं नाही, पण देण्याघेण्याचा हिशोब शेतकऱ्याला चुकत नाही, म्हणून मांडून बघतो.

आमचा भाग जुन्नरचा. माझ्या लहानपणी इथं बाजरी, हुलगा, मटकी असली कोरडवाहू पिकं. तेव्हा प्रत्येक वस्तीवर कुत्रं असायचं, पण त्याच्या गळ्यात पट्टा नसायचा. ते दिवसा बांधाबांधानं हिंडायचं, रात्री खळ्यावर पडायचं. आई शेवटची भाकरी थापायची ती कुत्र्याची. परातीत उरलेलं पीठ पुसून केलेली, म्हणून ती जरा लहान असायची, पण चुकायची नाही. कुत्र्याला आमचा जाच वाटला असता तर ते दुसऱ्या वस्तीवर जाऊन राहिलं असतं. तशी जातही असत. एखादं कुत्रं घर बदलायचं, तेव्हा बायाबापड्या म्हणायच्या, “त्या घरात अन्नच पुरंना, ते तरी काय करंल?” म्हणजे दोष कुत्र्याला नाही, घराला. हे मला आजही फार शहाणपणाचं वाटतं.

पुढं कुकडीच्या धरणांचं पाणी आलं. बाजरी मागं पडली, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा. त्यात बिबट्याला आडोसा, गारवा, पाणी सगळं मिळतं. माद्या उसातच पिल्लं द्यायला लागल्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र झालं, यावरून काय ते समजा. बिबट्याचं इथलं खाणं काय, तर कुत्रं. शेजारच्या अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचाच निघाला. आम्हाला ते तपासायची गरज नव्हती, आम्ही सकाळी उठून मोजतच होतो.

आणि याच काळात कुत्र्याच्या गळ्यात साखळी आली. त्याचीही कारणं खोटी नाहीत. रस्त्याला गाड्या वाढल्या, मोकळं कुत्रं मोटारसायकलच्या मागं धावतं, माणूस पडतो. कुणाला चावलं तर पिसाळलेलं होतं का, ही धास्ती. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची. आता दंडात थोडीच घ्यावी लागतात, पण भीती तीच, कारण हा रोग एकदा उमटला की माणूस वाचत नाही. तेव्हा कुत्रं मोकळंच ठेवा, असं म्हणणं सोपं असलं तरी खरं नाही.

पण आता चित्र कसं झालं ते बघा. घर पक्कं, दाराला कडी. शेळ्या जाळीच्या गोठ्यात. आणि दारापुढं खुंटीला चार हात साखळीवर कुत्रं. बिबट्या आला की पहिला वास त्यालाच. ते भुंकतं. त्याला पळता येत नाही, गोठ्यात शिरता येत नाही, धड लढताही येत नाही. सकाळी साखळीला तुटका पट्टा. माणसं म्हणतात, “इमानी होतं बिचारं. घरासाठी गेलं.”

इथं माझं मन अडतं. घरासाठी ‘गेलं’ म्हणायचं, का आपण ‘दिलं’ म्हणायचं?

शेजारच्या वस्तीवरच्या पोराशी माझं यावरून बोलणं झालं. तो म्हणाला, “आबा, बिबट्या काहीतरी उचलणारच. कुत्रं गेलं तर शेळी वाचती. शेळी गेली तर लेकरू वाचतं. तुम्ही कुत्र्याची कड घेता, मग लेकराचं काय?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. लेकरू आणि कुत्रं यांत निवड करायची वेळ आली तर लेकरूच वाचवायचं, यात वाद नाही. आमच्या भागात बिबट्यानं माणसं नेली आहेत. त्या घरांपुढं उभं राहून कुत्र्याचं पुराण सांगायची कुणाची छाती होणार नाही. पण मी त्या पोराला एवढंच विचारलं, “तू निवड केलीस कधी? लेकरू घरात निजलंय, शेळी जाळीत हाय. मग कुत्र्यालाच जाळी का नाही?” तो म्हणाला, “कुत्र्याला कोण जाळी करतं?”

खरं उत्तर हे होतं. अडचण लेकराची नव्हती, सवयीची होती. शेळी विकली तर पैसे येतात. बिबट्यानं शेळी मारली तर वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्र्याच्या पंचनाम्याला कुणी कुणाला बोलावल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्याची किंमत कागदावर लागत नाही, त्याला आपण इमानी म्हणून मोकळे होतो.

हा शब्द मी माणसांच्या बाबतीतही ऐकलाय. पूर्वी मोठ्या बागायतदारांकडं सालगडी असायचे. वर्षाला ठरलेले पैसे आणि धान्य. पोटाला उचल घेतलेली, ती फिटायची नाही, म्हणून गडी हलायचा नाही. मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, “आमचा गडी फार इमानी, वीस वर्षं झाली, कुठं गेला नाही.” जाणार कुठं? त्याची साखळी दिसत नव्हती, इतकंच. तो प्रेमानंही राहिला असेल. बैलांवर, रानावर त्याचा जीवही असेल. पण ज्याला जाता येत नाही, त्याच्या राहण्याला इमान म्हणायचं तर मालकानं आधी स्वतःकडं बघावं.

कुत्र्याचं तसंच आहे. त्याचा जीव आपल्यावर असतो यात शंका नाही. घरातलं माणूस दवाखान्यात असलं की दारातलं कुत्रं अन्नाला तोंड लावत नाही, हे खेड्यात अनेकांनी पाहिलंय. पण हा लळा त्यानं विचार करून दिलेला नाही, आणि त्याला तो परतही घेता येत नाही. नाही म्हणायची सोय ज्याला नाही, त्याच्या वाटचा विचार दुसऱ्यानं करायचा असतो. तो दुसरा म्हणजे मालक. मालकी म्हणजे हक्क, असं आपण धरून चाललोय. मला वाटतं, ते आधी ओझं आहे.

महाभारतात शेवटी धर्मराज स्वर्गाच्या वाटेला लागतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, मागं उरलं एक कुत्रं. इंद्र म्हणतो, कुत्रं सोड आणि रथात बस. धर्मराज नाही म्हणतो. कीर्तनात ही गोष्ट कुत्र्याच्या इमानाची म्हणून रंगते. मला ती धर्मराजाच्या इमानाची वाटते. ते कुत्रं त्याच्या घराची राखण करत नव्हतं. नुसतं मागून चालत आलेलं. तरी जो आपल्या भरवशावर आला त्याला वाटेत टाकायचा नाही, एवढ्यासाठी तो स्वर्ग सोडायला निघाला. आपल्याला कुणी स्वर्ग सोडायला सांगत नाही.

धनगरांकडून हे शिकण्यासारखं आहे. दिवाळीनंतर त्यांचे वाडे आमच्या रानात बसतात. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, लांडग्या-बिबट्याचा दात नरड्यात बसू नये म्हणून. कुत्री मोकळी, आणि माणूसही त्यांच्याबरोबर उघड्यावरच निजलेला. एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारलं, तर तो म्हणाला, “पाव्हणं, ते आमच्यासाठी जागतं, मग त्याच्या नरड्याची काळजी आमीच कराया नगं?” धोका दोघांनी वाटून घेतलेला. २०२५ साली शिरूर तालुक्यातली माणसं शेतात जाताना स्वतःच्या गळ्यात तसले खिळ्यांचे पट्टे घालायला लागली. नरडं उघडं असलं की काय वाटतं, ते तेव्हा माणसाला कळलं.

मी सांगतो ते फार खर्चाचं नाही. जुने पत्रे, चार अँगल, उरलेली जाळी. तेवढ्यात कुत्र्याला रात्रीपुरता पिंजरा होतो. आत बसूनही ते भुंकतंच, राखण काही कमी होत नाही. वर्षाला रेबीजची लस टोचून घ्यावी. दिवसा माणूस रानात असताना त्याला मोकळं सोडावं. म्हातारं झालं, दात पडले, भुंकणं बंद झालं, म्हणून टेम्पोत घालून लांबच्या बाजारात सोडून येऊ नये. त्याच्या भाकरीला दूध लावावं.

शेजारच्या पोरानं अजून पिंजरा केलेला नाही. पण परवा त्याच्या गोठ्याकडून गेलो तर कुत्र्याची खुंटी अंगणातून उपटून शेळ्यांच्या जाळीत ठोकलेली दिसली. मी काही बोललो नाही. त्यानंच हाक मारून सांगितलं, “आबा, आत बी भुंकतंय की.”