आगगाडीनं सोपा केलेला चढ

डोंगराळ मुलखात सायकल चालवणं हे दणकट गड्यांचंच काम, हा समज इंग्लंडमधल्या डर्बीशायरची मॉन्सल ट्रेल खोटा ठरवते. ही सायकलवाट ज्यावरून जाते, तो वाय नदीच्या खोऱ्यातला लोहमार्ग 1968 मध्ये बंद पडला. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून डोंगर पोखरले गेले, नदीवर उंच कमानी उभ्या राहिल्या. तोच सौम्य चढ आज मुलांना आणि आजी-आजोबांनाही पेलतो. 2011 मध्ये दिवे लावून बोगदे खुले झाले. मोटारींची धास्ती नाही. एवढा खर्च कशाला, असं कुणी म्हणेल. पण महागडं खोदकाम तर एकोणिसाव्या शतकातच झालं होतं, ते वाया घालवणं हीच खरी उधळपट्टी. गर्दीनं दरीची शांतता मोडेल, ही शंका मात्र रास्त आहे. इथं रेल्वे आल्यावर इंग्रज लेखक जॉन रस्किन याच कारणानं संतापले होते. पण सायकल धूर ओकत नाही, आणि पायी चालणाऱ्याला सावध करायला तिची घंटी पुरते.