लाल पुठ्ठ्याचे पुस्तक

शास्त्रवाचन : योहान ४:१-३०, मार्क ५:२५-३४



पावसाळ्यात इंदूरची मैदाने चिखलाने भरली की रविवारच्या शाळेत मुलांना आवरणे कठीण जाते. अशा वेळी आम्ही त्यांना एक खेळ देतो. चार मुले खुर्च्यांवर बसतात, त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे, आणि पाचव्याने गुपचूप समोर येऊन बसायचे. चौघांनी प्रश्न विचारायचे. पाचव्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, तेही आवाज बदलून. याकोब व आंधळा इसहाक यांचा धडा (उत्पत्ती २७) शिकवण्याआधी हा खेळ घेतला तर फार उपयोगी पडतो असा आमचा अनुभव आहे. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हा घोटाळा मुलांना न समजावताच समजतो.

हा खेळ काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत १९५० साली ‘व्हॉट्स माय लाइन?’ नावाचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला. पाहुण्याचा व्यवसाय काय, हे प्रश्न विचारून ओळखायचे. शेवटचा पाहुणा प्रसिद्ध व्यक्ती असे, म्हणून त्या वेळी परीक्षक मंडळींच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधीत. असा पहिला गुप्त पाहुणा फिल रिझुटो हा बेसबॉलचा खेळाडू होता. पुढल्याच वर्षी बी.बी.सी.ने तो कार्यक्रम इंग्लंडात आणला आणि एमन अँड्र्यूज हे त्याचे सूत्रधार झाले. आता या जुन्या चित्रफिती मोबाइलवरही पाहायला मिळतात. मोठमोठी माणसे चिरक्या आवाजात ‘नाही, नाही’ म्हणताना पाहून हसू आल्यावाचून राहत नाही.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. त्या खेळात गुपिताची किल्ली पाहुण्याच्याच हाती असे. तो आपण होऊन आलेला असे आणि काय विचारले जाणार हे त्याला ठाऊक असे.

याच अँड्र्यूज यांच्याकडे १९५५ पासून दुसरा एक कार्यक्रम आला, ‘धिस इज युअर लाइफ’, म्हणजे ‘हे तुझे जीवन’. आपल्याकडे झी टीव्हीवर फारूख शेख ‘जीना इसी का नाम है’ सादर करीत असत, तो त्याच घाटाचा. पुष्कळांना तो आठवत असेल. मूळच्या कार्यक्रमात ज्याचे जीवन सांगायचे त्याला आधी काहीच कळू देत नसत. अँड्र्यूज अचानक त्याच्यापुढे उभे राहत, हातात मोठे लाल पुठ्ठ्याचे पुस्तक. त्यातून त्याच्या आयुष्यातील एकेक प्रसंग वाचायचा, की पडद्यामागून जुना मास्तर, हरवलेला मित्र, दूरदेशी गेलेली बहीण पुढे यायची. डोळे पुसले जायचे, टाळ्या वाजायच्या. लोकांना हा कार्यक्रम अतिशय प्रिय होता.

फेब्रुवारी १९६१ मध्ये अँड्र्यूज डॅनी ब्लँचफ्लॉवर यांच्यापुढे असेच उभे राहिले. ब्लँचफ्लॉवर म्हणजे बेलफास्टचा माणूस, उत्तर आयर्लंडचा कर्णधार. १९५८ च्या विश्वचषकात त्याने आपल्या चिमुकल्या देशाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले होते. टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या संघाचाही तो कर्णधार. त्या हंगामाअखेर या संघाने लीग आणि एफ.ए. कप दोन्ही जिंकले, आणि असे विसाव्या शतकात त्यापूर्वी कोणत्याच संघाला साधले नव्हते. अशा ऐन भरातल्या खेळाडूने लाल पुस्तक पाहिले, ‘नाही’ म्हटले आणि तो चालता झाला. त्या कार्यक्रमाला नकार देणारा तो पहिला मनुष्य.

तो लाजाळू होता म्हणावे, तर तसेही नव्हे. बोलण्यात तो पटाईत होता, वर्तमानपत्रांत लिहीत असे, फुटबॉलविषयी विचाराल ते मोकळेपणी सांगे. त्याचे म्हणणे एवढेच की खासगी जीवनात असे न विचारता कोणी शिरू नये. त्याच्या घरात एक जखमही होती. त्याचा धाकटा भाऊ जॅकी मँचेस्टर युनायटेडकडून खेळत असे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे त्या संघाच्या विमानाला अपघात झाला, त्यात तेवीस जण मृत्यू पावले. जॅकी वाचला, पण पुन्हा कधी खेळू शकला नाही. ज्या घराने हे सोसले त्या घरातल्या माणसाने पडद्यामागून कोण येणार याची धास्ती घेतली, तर त्यात नवल ते काय?

आम्ही ही हकिगत प्रथम वाचली तेव्हा मात्र आम्हांला तो मनुष्य गर्विष्ठ वाटला. लोक प्रेमाने सत्कार करतात आणि हा पाठ फिरवतो! असे वाटण्याचे कारण पुढीलप्रमाणे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एका बाईंचा सत्कार करायचे ठरले. अडतीस वर्षे त्यांनी रविवारची शाळा चालवली. आज मंडळीत वडीलमंडळी म्हणून बसणाऱ्या कित्येकांना दहा आज्ञा त्यांनीच पाठ करवल्या, आम्हांलाही. आम्ही तरुण मंडळींनी उत्साहाने लाल रेक्झिनची एक जाड वही आणली. त्यांचे जुने फोटो गुपचूप मिळवले, आयुष्याचा वृत्तान्त लिहिला, आणि सोलापूरहून त्यांच्या धाकट्या बहिणीला आणले. दोघी बहिणी वीस वर्षे बोलत नव्हत्या, हे आम्हांला माहीत होते. त्यांचा समेट देवाच्या मंदिरात, सर्वांच्या देखत व्हावा, याहून मोठी साक्ष ती कोणती, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. त्यावर आम्ही प्रार्थनाही केली होती.

उपासना आटोपल्यावर बाईंना पुढे बसवले. वही वाचण्यास सुरुवात झाली, आणि ठरल्याप्रमाणे वस्त्रालयाच्या दारातून बहीण बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या. बहिणीकडे त्यांनी एकदा पाहिले, मंडळीला नमस्कार केला, पिशवी उचलली आणि बाजूच्या दाराने त्या निघून गेल्या. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. बहीण तेथेच उभी, हातात आम्हीच दिलेला हार. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना न भेटताच परत गेली.

त्या दिवशी आम्हांला राग आला होता हे कबूल केले पाहिजे. शिऱ्याची पातेली तशीच राहिली होती. ‘एवढी वर्षे क्षमेचे धडे दिले आणि स्वतःवर आले तेव्हा हे असे,’ असे आमच्यातला एक जण म्हणाला. आम्ही त्याला गप्प केले नाही.

आता आजच्या शास्त्रभागाकडे वळू या. शोमरोनी स्त्रीचे सारे जीवन प्रभूला ठाऊक होते. पाच नवरे झाले आणि आता आहे तो नवरा नव्हे, हे त्याने तिला सांगितले. हा संवाद आम्ही वर्गात कितीदा शिकवला आहे. पण त्या वेळी तेथे कोण कोण होते, हे कधी नीट पाहिले नव्हते. भर दुपार, विहीर, आणि ती दोघे. शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले होते. योहान हे मुद्दाम नमूद करतो. शिष्य परत आले तेव्हा त्यांना नवल वाटले, पण एकानेही काही विचारले नाही. मग घागर तेथेच टाकून गावात जाऊन जे सांगायचे ते त्या स्त्रीने स्वतः सांगितले. तिच्या जीवनाचे पुस्तक तिच्याच तोंडून उघडले गेले.

असेच इतरत्रही पाहा. नथनेल अंजिराच्या झाडाखाली होता तेव्हा प्रभूने त्याला पाहिले होते (योहान १:४८). झाडाखाली तो काय करीत होता? प्रार्थना? शोक? ते प्रभूने सांगितले नाही. ज्याला कळायचे त्याला कळले. बहिऱ्या मनुष्याला त्याने समुदायातून एकीकडे नेले आणि मग बरे केले (मार्क ७:३३). आणि पेत्राचे उदाहरण तर आम्हांला फारच हलवून सोडते. उठलेला प्रभू शिमोनाला दिसला, असे लूक लिहितो (२४:३४), पौलही लिहितो (१ करिंथ १५:५). पण ज्याने तीनदा नाकारले त्याच्याशी त्या पहिल्या भेटीत प्रभू काय बोलला, यावर एकाही शुभवर्तमानात एक ओळ नाही. चार लेखक, आणि चौघेही गप्प.

येथे कोणी विचारील, रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीचे काय? तिला तर गुपचूप निघून जायचे होते, प्रभूनेच तिला लोकांसमोर आणले. प्रश्न योग्य आहे आणि आम्हीही त्यावर बराच विचार केला. त्याने ‘कोणी शिवले?’ एवढेच विचारले आणि तो थांबला. बोट दाखवले नाही, तिचा आजार सांगितला नाही. सर्व काही खरे ते तिने सांगितले, तेही त्याच्या पाया पडून. बारा वर्षे अशुद्ध म्हणून दूर ठेवलेल्या तिला सर्वांदेखत ‘मुली’ अशी हाक मिळणे जरूर होते. लोकांना पाहायला मिळावे म्हणून ते नव्हते. आमच्या सत्कारात बाईंना काय जरूर आहे, हे एकाने तरी विचारले होते काय? आम्हांला टाळ्या हव्या होत्या. प्रभूला धरून ठेवणाऱ्या माणसांनी त्याच्या डोळ्यांवर कापड बांधून ‘ओळख’ म्हणून खेळ केला (लूक २२:६४), तेव्हा तेही हसतच होते. ही तुलना फार कडक आहे असे पाळकसाहेबांचे मत पडले. आम्ही ती तशीच ठेवीत आहोत.

पंधरा दिवसांनी आम्ही बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, शेव पुढे ठेवली. क्षमा कशी मागावी हे सुचेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, “अरे, तुमचं प्रेम मला दिसत नव्हतं असं नाही. पण भांडण माझं आणि तिचं. ते मिटायचंच तर या स्वयंपाकघरात मिटलं असतं. दोघी रडलो असतो, एकमेकींना बोललो असतो. तिथे काय करणार होते मी? तिला मिठी मारली असती तर ती तुमच्यासाठी मारली असती.”

मग थोडे थांबून म्हणाल्या, “तिला हार देऊन उभं केलंत. तिची लाज कोण झाकणार होतं?”

आम्ही बहिणीचा विचारच केला नव्हता. सोलापूरला पत्र लिहून तिची क्षमा मागितली. उत्तर आले, ते येथे देण्याचे कारण नाही.

ब्लँचफ्लॉवरची गोष्ट आम्ही त्यानंतर पुन्हा शोधून वाचली. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आणि १९९३ साली तो वारला. ज्याने आपले जीवन दुसऱ्याच्या हातातल्या पुस्तकातून वाचू दिले नाही, त्याच्या स्वतःच्या हातूनही ते शेवटी निसटले. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तके उघडली जातात, हे वाचताना पूर्वी आम्हांला भीतीच वाटे. आता त्या माणसाची आठवण होते. आपण विसरलो तरी जे विसरले जात नाही, असे काहीतरी त्या पुस्तकात आहे. आणि ते ज्याच्या हाती आहे त्याने विहिरीवर शिष्य दूर असतानाच तोंड उघडले होते.

बाई पुन्हा शाळेत येऊ लागल्या, लहान मुलांचा वर्ग घेऊ लागल्या. आमच्या त्या वहीतले फोटो त्यांनी मागून घेतले. दोन ठेवले, बाकीचे ज्यांचे त्यांना परत केले, आणि लिहिलेली पाने फाडून वही आमच्या हातात दिली. कागद चांगला आहे, वाया घालवू नका, म्हणाल्या. त्यात आता शिशुवर्गाची हजेरी लिहितो.