बाळाची शेजारती

माझी लेक सात महिन्यांची. रात्री पाच-पाच वेळा उठायची. अडीचच्या सुमारास तिला घेताना मला राग यायचा आणि मागोमाग अपराधी वाटायचं. तिला झोपवायचं ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? सेवा निष्काम असावी, हेच ऐकत मी मोठी झाले.

मग पंढरपूर आठवलं. आषाढी-कार्तिकीला विठोबाचा पलंग काढतात. रात्री देवाला निजवण्याची आरती, शेजारती, बंद होते आणि देव दर्शनासाठी रात्रंदिवस उभा राहतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, त्याचा शीण घालवायला. देवाचाही शीण मानणारी आपली माणसं. मग आईच्या थकव्यात पाप कसलं?

घरात तिची शेजारती सुरू केली. साडेसातला दिवा मंद, कोमट पाण्याने अंग पुसणं, दूध, रोज तीच अंगाई. डोळे जडावले की जागेपणीच पाठीवर निजवायचं. उशी नाही, गोधडी नाही. तान्ह्यांच्या झोपेचं आवर्तन जेमतेम तासाभराचं असतं, मध्ये ती चाळवतातच. पूर्वी मी लगेच उचलायचे. आता छातीवर हलका तळवा ठेवून थांबते. आधी मूठ सैल होते, मग आत दुमडलेला अंगठा बाहेर येतो, मग श्वास लांबतो. भूक असेल तर अर्थात पाजते.

झोप येणं तिच्याकडे, अंथरूण घालणं माझ्याकडे. एवढं वाटून घेतल्यावर अडीचचा राग गेला. काल ती दोनदाच उठली.