मागच्या चाकापासून

सत्तरच्या दशकात फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने एक बुटकी मोटारसायकल काढली, राजदूत जीटीएस १७५. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटात ती झळकली आणि लोकांनी तिचं नावच बॉबी करून टाकलं. चाकं लहान, सीट खाली, पण इंजिन मोठ्या राजदूतचंच.

अशी मिनी बाइक उभी करायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टॉप किती निघेल? मला वाटतं, विचार मागच्या चाकापासून सुरू व्हावा. समजा, टायर धरून २४ इंच व्यासाच्या चाकाजागी १८ इंचाचं आलं. इंजिन, गिअर, चेन सगळं तेच. तरीही रस्त्यावर पडणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो आणि त्याच फेऱ्यांना वेग पाव हिश्श्याने उतरतो. ही ओढ लहान चाकाने आपणहून दिलेली असते. वेगासाठी पुढे मोठं स्प्रॉकेट टाकणारा ती परत करून टाकतो, आणि हाती काय येतं? आखूड गाडी, लहान चाक, समोर मथुरा रोडचे ट्रक. लहान चाकाला प्रत्येक खड्डा जास्त खोल लागतो. फरीदाबादच्या एनआयटी भागातल्या बाजारात पावलोपावली थांबायचं असेल, सूरजकुंडच्या बाजूचा अरवलीचा चढ चढायचा असेल, तर ओढच कामाला येते.

गिअर हवेतच असंही नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२मध्ये लूना आणली, तिला ना गिअर, ना हाताचा क्लच. फेऱ्या वाढल्या की क्लच आपोआप पकडतो. सपाट गल्लीबोळांना हे पुरेसं आहे, मात्र चढावर भार पडला की असा क्लच घसरून तापतो. १९८४च्या कायनेटिक होंडाने पट्टा आणि व्हेरिएटर दिला. पुली उघडझाप करत स्वतःच गुणोत्तर बदलते, शिकाऊ हातालाही सोपं. धूळ आणि पाणी आत गेलं तर पट्टा घसरतो, म्हणून त्याला बंद कव्हर लागतं. शेतातून, कच्च्या वाटेने जाणाऱ्या गाडीला मी गिअर आणि चेनच सुचवेन. चेन उघड्यावर दिसते, घरी साफ करता येते.

आता स्प्रॉकेटचे दात. पुढे १५ आणि मागे ४५ असतील, तर पुढचा एक दात कमी करणं हे जवळपास मागचे तीन वाढवण्याइतकंच. स्वस्त म्हणून सगळे पुढचंच स्प्रॉकेट बदलतात. पण ११२ कड्यांच्या चेनला १४ दात दिले, तर प्रत्येक दात कायम त्याच ८ कड्यांना भिडत राहतो आणि झीज तिथेच साचते. १५ दात असले, तर प्रत्येक दात फिरत फिरत सगळ्या ११२ कड्यांना भेटतो. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त मुडपते. म्हणून पुढचे १५ राहू द्यावेत, मागे ४८ टाकावेत, चेन नवी घ्यावी. जुन्या दातांवर नवी चेन किंवा जुन्या चेनखाली नवे दात, दोन्ही एकमेकांना लवकर खातात.