हिरवी वायर आणि सगळ्यांचे आकाश

हॅम रेडिओचा परवाना हाती पडला की सगळे लक्ष रिगकडे, म्हणजे रेडिओ संचाकडे, आणि अँटेनाकडे जाते. भिंतीतल्या सॉकेटकडे कुणी वळून पाहत नाही. तिथले अर्थिंगचे मोठे भोक आपल्याकडच्या अनेक घरांत नुसते भोकच असते. झाकण काढून पाहावे तर हिरवी वायर गुंडाळून आत कोंबलेली, नाहीतर मुळात टाकलेलीच नाही. काही ठिकाणी याहून वाईट प्रकार आढळतो. न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या स्क्रूला लावलेला असतो. टेस्ट लॅम्प झकास पेटतो, घरमालक निश्चिंत होतो. पुढे कधी मागच्या लाइनमधला न्यूट्रल तुटला, की फ्रिज, गीझर, रिग अशा सगळ्यांच्या पत्र्यावर थेट फेज येतो. याला काटकसर म्हणू नये. हा घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

रेडिओतल्या खरखरीचाही एक धागा इथेच येऊन मिळतो. एसएमपीएस म्हणजे आजचा जवळजवळ प्रत्येक चार्जर, संगणकाचा आणि बहुतेक रिगचा पॉवर सप्लाय. तो सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. त्यातून उठणारा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून चांगल्या थ्री-पिन सप्लायमध्ये फिल्टर असतो आणि त्याचे कपॅसिटर फेज व न्यूट्रलकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पत्रा साधारण अर्ध्या दाबावर, 115 व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. हात लावला की मुंग्या येतात त्या याच. फिल्टरने अडवलेला गोंगाटही मग घरच्या वायरिंगवर पसरतो आणि ते वायरिंग अँटेनाचे काम करू लागते.

पण अर्थिंग केले की सगळे मिटले, ही समजूतही सोडायला हवी. आपल्या छंदात तिची जवळजवळ अंधश्रद्धा झाली आहे. बोलताना माइक ओठांना चटके देतो, आवाज फाटतो, की खड्डा आणखी खोल खणा, मीठ-कोळसा भरा! 7.1 मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी साडेदहा मीटर होते. तिसऱ्या मजल्यावरून खड्ड्यापर्यंत वायर जवळपास तेवढीच भरते. अशी वायर जमिनीच्या टोकाला कितीही उत्तम जोडा, रिगच्या टोकाला ती रेडिओ लहरींना वाट देत नाही. 50 हर्ट्झच्या विजेसाठी ती वायर जीवरक्षक आहे आणि राहिलीच पाहिजे, पण रेडिओ लहरींचा उपाय अँटेनाजवळ आहे. कोॲक्स केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने परत येणारा प्रवाह फेराइट रिंगवर वेढे घेऊन तिथेच रोखायचा. रिग, सप्लाय, ट्यूनर आखूड, रुंद तांब्याच्या पट्टीने एका प्लेटवर आणायचे. अँटेनासाठी वेगळा रॉड ठोकला असेल तर तो घरच्या अर्थला जोडायचाच, कारण जवळ वीज पडली की दोन वेगळ्या अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि त्याची वाट आपल्या टेबलावरून जाते.

शेजारच्या आजींच्या स्पीकरमधून आपला आवाज आला की परवान्याचा कागद पुढे करणारे हॅम आहेत. कायद्याने ते बरोबरही असतील, कारण दोष अनेकदा त्या स्पीकरच्या स्वस्त ॲम्प्लिफायरचा असतो. पण आजींना हे ठाऊक नाही. आपण मात्र याच विषयाची परीक्षा देऊन परवाना मिळवला आहे. म्हणून आधी आपले स्टेशन तपासावे आणि मग फेराइट घेऊन त्यांच्या दारी जावे, कागद घेऊन नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. शहरातल्या अनेक घरांत 40 मीटर बँडवर फिल्टर नसलेल्या एलईडी दिव्यांची घरघर कमकुवत सिग्नल गिळून टाकते. आपल्या घरातला केर रस्त्यावर टाकू नये हे आपण शिकलो, पण लहरींचा केर दिसत नाही म्हणून तो कुणाच्या अंगावर पडतो याचा विचार होत नाही. तो पडतो हे नक्की. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जागा जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींसाठी निवडताना तिथला माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे हे पाहिले गेले होते. क्षीण सिग्नलची गरज संकटातही पडते. 2004 च्या त्सुनामीत फोन बंद पडले, तेव्हा हॅम मोहिमेसाठी अंदमानात गेलेल्या भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोहोचवले. असा क्षीण आवाज उद्या आपल्या गल्लीत ऐकू यायला हवा असेल, तर तो गाडणारी खरखर आजच शोधली पाहिजे.

त्यासाठी परवाना लागत नाही. बॅटरीवरचा साधा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावा. घराचा मेन स्विच बंद करून सगळे एमसीबी खाली करा, मग मेन पुन्हा चालू करून एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीबरोबर घरघर सुरू होते, त्या खोलीतला एकेक दिवा आणि चार्जर काढून पाहा. सापडलेली वस्तू बदला, शेजाऱ्याच्या गळ्यात मारू नका. आणि त्याच आठवड्यात परवानाधारक वायरमनला बोलावून प्रत्येक सॉकेटची हिरवी वायर तपासून घ्या. तो झाकण उघडेल तेव्हा स्वतः समोर उभे राहा.