राखणदाराचे पोट

ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या, हॉस्पिटलच्या किंवा हॉटेलच्या आवारात गाडी लावली, तर त्या जागेवर बहुतेक वेळा एखाद्या खासगी पार्किंग कंपनीची नजर असते. ही नजर माणसाची नसते, कॅमेऱ्याची असते. गाडी आत शिरताना नंबर टिपला जातो, बाहेर पडताना पुन्हा टिपला जातो. या दोन वेळांमधले अंतर फलकावरच्या मुदतीपेक्षा जास्त भरले की थोड्या दिवसांत घरी नोटीस येते: शंभर पौंडांपर्यंत रक्कम भरा, चौदा दिवसांत भरलीत तर साठावर सोडतो. मालकाचे नाव आणि पत्ता कंपनीला सरकारी वाहन परवाना खात्याकडून मिळतो, प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड मोजून. २०२३-२४ या एका वर्षात कंपन्यांनी अशा सव्वा कोटींहून जास्त नोंदी घेतल्या.

या नोटिसांवर लोकांचा राग आहे आणि तो सरकारपर्यंत अनेकदा पोचला आहे. २०१९ मध्ये या धंद्याला आचारसंहिता घालून देणारा कायदा संसदेत झाला. त्याआधारे २०२२ च्या फेब्रुवारीत संहिता जाहीर झाली. लंडनबाहेर बहुतेक चुकांसाठी कमाल ५० पौंड, दहा मिनिटांची सवलत, आणि वसुलीच्या नावाखाली वर चढवल्या जाणाऱ्या ७० पौंडांवर बंदी, असे तिचे स्वरूप होते. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने संहिता मागे घेतली. २०२५ च्या जुलैत पुन्हा लोकांची मते मागवली गेली. वाहनचालकांच्या संघटना म्हणतात, रक्कम खाली आणा. कंपन्या म्हणतात, रक्कम उतरली तर नियमाला कोणी भीक घालणार नाही. पन्नास की शंभर, यावर वाद अडून बसला आहे.

माझे म्हणणे असे की रक्कम हा या प्रश्नाचा दुय्यम भाग आहे. न्याय-अन्यायाची गाठ दुसरीकडे बसली आहे. जागा राखणाऱ्याला राखणीचे पैसे कोण देतो, हे आधी पाहायला हवे.

चेम्सफर्ड शहरातल्या एका दुकान-संकुलाचे उदाहरण घेऊ, कारण तिथला करार कोर्टात उघडा झाला. दोन तास पार्किंग मोफत होते. एक गृहस्थ ५६ मिनिटे जास्त थांबला आणि त्याला ८५ पौंडांची नोटीस आली. हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सहा विरुद्ध एक मताने कंपनी जिंकली. चर्चा झाली ती ८५ या आकड्याची. करारातला खरा मासला मात्र दुसराच होता. तिथे जमीनमालक कंपनीला राखणीचा मोबदला देत नव्हता. उलट कंपनीच जमीनमालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. जागा सांभाळायची, कॅमेरे बसवायचे, फलक लावायचे, वर दर आठवड्याला हजार पौंड मोजायचे, आणि हे सगळे भरून काढून नफाही मिळवायचा तो एकाच वाटेने, चुकलेल्या लोकांकडून.

हा व्यवहार मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावाने दिल्या जाऊ लागल्या. जास्त बोली लावील त्याला मामलत, आणि पुढे त्याने रयतेकडून काय आणि कसे वसूल केले याची पुण्याला पर्वा नसे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीने मुलखाची जी दैना झाली तिचे वर्णन केले आहे. मामलतदार मुळात दुष्ट होते असे नाही. जुन्या पद्धतीत काम करणारी माणसे त्याच समाजातली होती. पण मक्त्याची रक्कम आधी भरून बसलेल्या माणसाला रयतेचे भले परवडत नाही, मग तो स्वभावाने कितीही मवाळ असो.

पार्किंगमध्ये हे कसे घडते ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. कोणी सकाळी दहा मिनिटांसाठी येऊन जातो आणि संध्याकाळी पुन्हा येतो. मधल्या दोन नोंदी कॅमेऱ्याकडून सुटल्या, तर गाडी दिवसभर तिथेच उभी होती असा हिशेब निघतो. कॅमेरा फाटकावर असतो, त्यामुळे जागा शोधत फिरण्याचा किंवा बाहेर पडण्याच्या रांगेत अडकल्याचा वेळही पार्किंगमध्येच धरला जातो. मशिनवर नंबर टाकताना एखादे अक्षर चुकले, तर पैसे भरूनही न भरल्यासारखे होतात. डर्बीत एका महिलेने दर खेपेला पूर्ण शुल्क भरले होते, पण आत आल्यापासून पाच मिनिटांत भरले नव्हते, कारण तिथे फोनला नीट रेंज नव्हती. तिच्याकडे १,९०६ पौंडांची मागणी झाली. त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे कंपन्यांच्या संघटनांना आपला नियम बदलावा लागला.

यातला एकही दोष दुरुस्त करायला अवघड नाही. दुसरा कॅमेरा, मोठ्या अक्षरांचा फलक, जुळणारी नोंद शोधणारी साधी तपासणी एवढ्याने काम भागते. पण अशी प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कंपनीच्या उत्पन्नाला लागलेली गळती. जमीनमालकाला वाटते, सगळ्यांनी नियम पाळावेत आणि जागा मोकळी राहावी. गिऱ्हाइकालाही तेच वाटते. ज्या दिवशी सगळे नियम पाळतील त्या दिवशी एकट्या राखणदाराची चूल विझेल. ज्याला नियम मोडले जायला हवे आहेत, त्याच्याच हाती नियम लिहिणे, फलक लावणे आणि घड्याळ पाहणे सोपवलेले आहे.

इथे शंका येईल की दंड नसेल तर नियम कोण पाळतो? शंका रास्त आहे. स्टेशनजवळच्या दुकानासमोर नोकरदार दिवसभर गाड्या लावून गेले तर दुकानदाराचा धंदा बसतो. अपंगांसाठी राखलेल्या जागेत धडधाकट माणूस गाडी घुसवतो तेव्हा ज्याची गैरसोय होते, त्याला दंड हवाच असतो. सर्वोच्च न्यायालयानेही हेच पाहिले: जागा फिरती राहावी यात मालकाचा रास्त हितसंबंध आहे आणि त्यासाठी बोचेल एवढी रक्कम लावणे गैर नाही. पण दंड असावा, यातून तो दंड करणाऱ्याच्याच खिशात जावा, असे निघत नाही. इंग्लंडमधल्या नगरपालिका रस्त्यावरच्या पार्किंगसाठी दंड करतात. त्यातून उरलेले पैसे वाहतुकीशी निगडित ठरावीक कामांवरच खर्च करायचे, असे १९८४ चा कायदा सांगतो. किती पावत्या फाडल्या यावर माणसांचे किंवा ठेकेदाराचे बक्षीस ठरू नये, असे सरकारी मार्गदर्शनही आहे. तिथे दंड आहे, धाकही आहे. फक्त धाक दाखवणाऱ्याचे पोट त्यावर अवलंबून नाही.

दुसरी शंका जास्त व्यावहारिक आहे. मग राखणीचा खर्च कोणी करायचा? उत्तर सरळ आहे: ज्याची जागा, त्याने. आज जमीनमालकाला राखण फुकट मिळते, कधी वर पैसेही मिळतात, आणि वाईटपणा कंपनीकडे जातो. मालकाने ठरलेला मोबदला दिला तर तो खर्च त्याच्या वहीत दिसेल, आणि गिऱ्हाइके चिडताहेत की नाही याची काळजी त्यालाच करावी लागेल. काही खर्च वस्तूंच्या किमतीत चढेल, हे कबूल. पण तो सगळ्यांत थोडाथोडा वाटला जाईल. फलक न दिसलेल्या आजीबाईवर एकदम कोसळणार नाही.

ही कल्पना नवी नाही आणि ब्रिटनला परकीही नाही. सरकारी आरोग्यसेवेच्या हॉस्पिटलांसाठी २०१४ मध्ये इंग्लंडच्या सरकारने पार्किंगची तत्त्वे घालून दिली. जास्तीच्या आकारणीला उत्तेजन मिळेल अशा पायावर ठेका देऊ नये, हे त्यांतले एक. उदाहरण म्हणून, निव्वळ नोटिशींच्या उत्पन्नावर चालणारा ठेकाच नावाने सांगितलेला आहे. आजाऱ्याच्या नातेवाइकाबाबत जी अट सरकारला आवश्यक वाटली, ती भाजी आणायला गेलेल्या माणसाबाबत अनावश्यक का वाटावी, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

हाच दोष वरच्या मजल्यावरही दिसतो. वाहनमालकांचे पत्ते मिळवायचे तर कंपनीला मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद असावे लागते. अशा संघटना दोन आहेत आणि कंपनी एकीतून दुसरीत जाऊ शकते. जी जास्त कडक वागेल तिचे सभासद, आणि त्यांची वर्गणी, दुसरीकडे जाण्याची भीती. दोघींची अपिलाची व्यवस्था वेगळी, आणि दोन्ही या धंद्याच्याच पैशावर चालतात. तिथे बसलेले लोक प्रामाणिकपणे निवाडा करत असतीलही. पण वसूल करणारा आणि दाद ऐकणारा एकाच दारातून आत येताना दिसले की हरलेल्या माणसाचा निकालावर विश्वास बसत नाही.

म्हणून लोकांनी सरकारकडे रकमेआधी तीन गोष्टी मागाव्यात. जमीनमालक आणि कंपनी यांच्यातला पैशाचा व्यवहार फलकाइतकाच उघड असावा. नोटिशींच्या संख्येवर कंपनीचे उत्पन्न अवलंबून ठेवणाऱ्या ठेक्याला वाहनमालकांचे पत्ते मिळू नयेत. अपील ऐकणारी संस्था एकच असावी आणि तिच्या नेमणुकीत कंपन्यांचा हात नसावा. यातली दुसरी मागणी सर्वांत महत्त्वाची, आणि अंमलातही सर्वांत सोपी, कारण पत्त्यांची किल्ली आजही सरकारच्याच हातात आहे. पत्ता नाही तर नोटीस नाही.

एवढे झाले की रकमेचा वाद राहील, पण त्याची धार जाईल. शंभर पौंड घेणाऱ्याला शंभराचा लोभ नसेल, तर शंभर पौंड योग्य आहेत की जास्त, हे शांतपणे ठरवता येईल. आणि लोभ तसाच ठेवून रक्कम पन्नासवर आणली, तर तेवढेच उत्पन्न भरून काढण्यासाठी कंपनी दुप्पट चुका शोधू लागेल.