शोभेच्या जीवाचे ऋण

ज्या जीवास मनुष्याने केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी घडविले, त्या जीवाच्या दुःखाचा तो वाटेकरी होतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक भासेल. परंतु आज पुष्कळ सुशिक्षित घरांतील दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी असते, आणि तीतील एखाद्या माशाच्या अंगावर दिवसेंदिवस वाढणारी काळी गाठ पाहून मुलाने 'हे असे का झाले?' म्हणून विचारले म्हणजे वडील मंडळीस उत्तर सुचत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तानाजी मालुसऱ्यांच्या नावाने वंद्य झालेले उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. शेजारच्या महाड तालुक्यात, सावित्रीस मिळणाऱ्या काळ नदीवर, वाळण कोंड नावाचा डोह आहे. त्यातील महसीर जातीचे मोठाले मासे देवीचे आहेत अशी श्रद्धा असल्यामुळे त्यांस कोणी मारीत नाही. येणारा भाविक कुरमुरे टाकतो आणि हात जोडतो. उमरठसारख्या डोंगरातील गावांतून पोटासाठी मुंबईस गेलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील एखादे कुटुंब सुटीत गावी आले असता या डोहाशी नम्र होते असे समजा; आणि तेच कुटुंब मुंबईस परतल्यावर पेटीतील गाठ आलेला मासा निमूटपणे टाकून देते व दुकानातून दुसरा आणते. दोन्ही ठिकाणी मासाच. मग वर्तनात हे अंतर का? डोहातील मासा देवीचा आणि पेटीतील मासा आमचा, असे उत्तर मिळेल. घोटाळा आहे तो येथेच. जो आमचा, त्याच्याविषयीचे कर्तव्य वस्तुतः अधिक असावयास पाहिजे.

ते का, हे समजण्यास त्या गाठीची कुळकथा ऐकली पाहिजे. प्लॅटी आणि स्वोर्डटेल या माशांच्या दोन जाती मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. अधिक तांबडा, अधिक काळा, अधिक ठिपकेदार मासा हवा म्हणून शौकिनांनी त्यांचा परस्परांशी संकर केला, आणि आज दुकानांतून मिळणारे बहुतेक वाण अशा संकरातूनच उतरले आहेत. या संकरज संततीत रंगपेशींचे अर्बुद, म्हणजे मेलॅनोमा नावाचा कर्करोग, उद्भवतो, असे 1928 च्या सुमारास अमेरिकेत मायरन गॉर्डन यांनी आणि जर्मनीत कर्ट कॉसविग व गेऑर्ग ह्यॉइस्लर यांनी दाखवून दिले. काही प्लॅटींच्या अंगी काळ्या ठिपक्यांच्या जनुकाशेजारीच रंगपेशींच्या वाढीस चेतविणारे एक जनुक असते. त्याची ओळख 1989 साली पटली. त्यास आवर घालणारे जनुक निराळ्या गुणसूत्रावर असते. दोन्ही एकत्र नांदतात तोवर ठिपका हा ठिपकाच राहतो. परंतु संकरज मासा पुन्हा स्वोर्डटेलशी जोडला म्हणजे ही जोडी फुटते. त्या पिढीत स्थूलमानाने निम्म्या पिलांस चेतविणारे जनुक मिळतच नाही. एक चतुर्थांशास ते आवरासह मिळून सौम्य काळिमा येतो. आणि उरलेल्या एक चतुर्थांशास ते आवरावाचून मिळते. त्यांच्या अंगी ठिपक्याची गाठ होते आणि ती गाठ मांस पोखरीत जाते.

म्हणजे ज्या काळेपणावर आम्ही लुब्ध झालो, त्याच्याच शेजारी व्याधीचे बीज होते. पेटीतील प्रत्येक काळा डाग अर्बुद असतो असे नव्हे. परंतु जेथे ते या रीतीने उद्भवते तेथे 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' असे म्हणून सुटका होत नाही. त्या जीवाचे प्रारब्ध त्याच्या जन्मापूर्वीच आमच्या आवडीने लिहिले होते.

येथे एका भलत्या अनुमानापासून वाचकांस सावध करणे आम्ही आवश्यक समजतो. संकरात रोग आहे, म्हणून शुद्धी तेवढी श्रेष्ठ, असे म्हणावयास काही लोक टपलेलेच असतात. या माशांच्या दोन जाती सृष्टीत खरोखरच भिन्न आहेत. मनुष्याची जात मात्र एकच. 20 मार्च 1927 रोजी याच महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या पाण्यास विटाळ झाला असे मानणाऱ्यांचा आधार ग्रंथांत असेल, सृष्टीत नव्हता. माशाच्या गाठीतही तो सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. शास्त्रज्ञांनी तर हा रोग जाणूनबुजून पैदा केला. मग गृहस्थासच दोष का? प्रयोगशाळेने या माशांस पीडा दिली, हे खरे आहे आणि ते लपवू नये. परंतु तेथे ती पीडा कोणत्या ज्ञानासाठी दिली याची नोंद असते, आणि तिची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. त्या नोंदींतून मनुष्याच्या कर्करोगावरही प्रकाश पडला. एवढ्याने सर्व ऋण फिटते असे आमचे म्हणणे नाही; पण तेथे ऋण निदान मान्य केलेले आहे. दिवाणखान्यात ते कोणाच्या खातीच मांडलेले नसते. शोभा आमची आणि गाठ माशाची, असा हा व्यवहार आहे.

मग करावे काय? मत्स्यपेटी फोडून टाकावी असे आम्ही म्हणणार नाही. मूल तिच्यापुढे बसून जीवसृष्टीवर प्रेम करावयास शिकते. पण अमुकच काळा, अमुकच झगझगीत मासा हवा हा हट्ट सोडावा. विक्रेता शेवटी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे पाहूनच पैदास करवितो. गाठ आलेल्या माशाची संतती वाढवू नये. तो दुकानात परत देऊ नये, आणि दयेच्या नावाखाली विहिरीत अथवा सावित्रीत तर मुळीच सोडू नये. परका जीव नदीत सोडणे हा तेथील जीवांवर अन्याय होय. माशांस वेदना कळत नाहीत या समजुतीवर विसंबण्याचे दिवसही गेले. इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू ट्राउट माशाच्या डोक्यात असल्याचे 2003 साली दाखविले गेले आहे. म्हणून मासा खातो-पितो आहे तोवर त्यास स्वच्छ पाणी द्यावे, आणि पोहणे-खाणे सुटले म्हणजे पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यास वेदनारहित मरण द्यावे.

आणि मुलाने कारण विचारलेच, तर 'देवाची इच्छा' असे सांगू नये. त्याला सुंदर दिसावा म्हणून माणसांनी असा घडविला, आणि म्हणून त्याची काळजी आपल्याकडे आली, असे सांगावे. वाळण कोंडातील माशांस देवीने राखले आहे. पेटीतील माशास आमच्यावाचून दुसरे कोणीच नाही.